मुंगूसमध्ये अ‍ॅरेची मर्यादा पाळायची असेल तर

मुंगूस (Mongoose, म्हणजे मोंगोडीबी डेटाबेससाठीची नोड.जेएस लायब्ररी) हिच्या स्कीमात, म्हणजे माहितीच्या आराखड्यात, टॅगच्या अ‍ॅरेसाठी (यादीसाठी) ‘टॅग जास्तीत जास्त ५’ असा व्हॅलिडेटर (तपासणीचा नियम) लिहिला, तरी अपडेटवन किंवा फाइंडवनअँडअपडेट ही थेट डेटाबेसमध्ये बदल करणारी फंक्शन्स वापरताना तो आपोआप चालत नाही. रनव्हॅलिडेटर्स हा पर्याय ट्रू करावा लागतो. पण खरी मेख पुढे आहे. पुश किंवा अ‍ॅडटूसेट (अ‍ॅरेत घटक जोडणाऱ्या क्रिया) केल्यावर तपासणी होते ती फक्त नव्या घटकाची, अख्ख्या अ‍ॅरेची नाही. म्हणजे सहावा टॅग निमूटपणे आत जातो!

डॉक्युमेंट (डेटाबेसमधली एक नोंद) आधी वाचून, त्यात पुश करून सेव्ह केले तर अ‍ॅरेची लांबी तपासली जाते. तरीही एकाच क्षणी दोन विनंत्या आल्या, तर दोघींनाही चारच टॅग दिसतात आणि दोन्ही पास होतात.

म्हणून अट थेट क्वेरीच्या फिल्टरमध्येच घालावी: टॅगच्या अ‍ॅरेत इंडेक्स (घटकाचा क्रमांक) ४ वर काहीही नसेल तरच पुश कर. मोजणी शून्यापासून असल्याने ४ म्हणजे पाचवी जागा. तपासणी आणि बदल मोंगोडीबी एकाच अणुवत (मध्ये दुसरे काही न घुसणाऱ्या) क्रियेत करते, त्यामुळे मला हाच उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो. मॅच्डकाउंट (फिल्टरला जुळलेल्या डॉक्युमेंटांची संख्या) शून्य आला, तर यादी भरली आहे (किंवा ते डॉक्युमेंटच नाही) असे समजून वापरकर्त्याला स्पष्ट संदेश द्या.

शिवाय कलेक्शनवर (डॉक्युमेंटांच्या संचावर) मोंगोडीबीच्याच जेसनस्कीमाचा मॅक्सआयटम्स (घटकांची कमाल संख्या) नियमही लावून ठेवा. दुसऱ्या एखाद्या स्क्रिप्टने लिहिले तरी तो लागू होतो.