क्वार्टरबॅक आणि संघ यांच्यातील ट्रेडचा वाद कसा तपासावा

सांगलीच्या एका दैनिकात क्रीडा पानासाठी परदेशी बातम्यांचे मराठीकरण करण्याचे काम मी काही वर्षे केले. ३० एप्रिल २०२१ च्या सकाळी अमेरिकेतून बातमी आली की, ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स नाराज असून त्याला तेथे परत खेळायचे नाही. मी ‘रॉजर्सचा पॅकर्सला रामराम’ असे शीर्षक देऊन पान सोडले. प्रत्यक्षात रॉजर्स त्यानंतर आणखी दोन हंगाम त्याच संघाकडून खेळला, त्यांपैकी पहिल्या हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याचा ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी सौदा, झाला तो थेट एप्रिल २०२३ मध्ये. दुरुस्ती छापावी असे मी सुचवले होते. परंतु चूक दाखवणारे वाचकाचे एकही पत्र न आल्यामुळे ती राहून गेली. अशी बातमी हाती आल्यावर ती कोणत्या क्रमाने तपासावी, हे क्रीडा पानावर नव्याने काम करणाऱ्यांसाठी आणि पहाटे उठून हा खेळ पाहू लागलेल्या वाचकांसाठी येथे मांडत आहे.

मिरजेच्या मैदानावर जो फुटबॉल खेळतात तो हा नव्हे, एवढे सांगून खेळाच्या नियमांत मी शिरत नाही. जवळजवळ प्रत्येक चालीच्या आरंभी चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा अथवा सोपवायचा, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. संघात ५३ खेळाडू असले तरी मैदानावर या जागी एका वेळी एकच माणूस असतो. चांगला क्वार्टरबॅक नसलेला संघ वर्षानुवर्षे चाचपडत राहतो. म्हणूनच हा एक माणूस रुसला की ३२ संघांचे हिशेब हलतात.

भांडणाचे कारण बातमीत काहीही दिलेले असो, सर्वप्रथम करार पाहावा. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ट्रेड होतो तो खेळाडूच्या कराराचा. आयपीएलमध्ये ट्रेडसाठी खेळाडूची संमती घ्यावी लागते. एनएफएलमध्ये मात्र संघ खेळाडूला न विचारता त्याचा करार दुसऱ्या संघाकडे सोपवू शकतो आणि खेळाडूला बाडबिस्तरा आवरून त्या शहरात जावे लागते. याला अपवाद एकच, तो म्हणजे करारातील ट्रेडबंदीचे कलम. हे कलम फार थोड्या खेळाडूंना मिळते. रसेल विल्सनकडे ते होते, त्यामुळे मार्च २०२२ मध्ये सिॲटल सीहॉक्सने त्याला डेन्व्हर ब्रॉन्कोजकडे पाठवले ते त्याच्या होकारानंतरच. तेव्हा करार किती वर्षांचा उरला आहे, उरलेल्या पैशांपैकी हमीचे किती आणि हे कलम आहे की नाही, या तीन गोष्टी कळल्याशिवाय ‘खेळाडूने अमुक संघाची मागणी केली’ या वाक्याला काही वजन नसते. कलम नसताना खेळाडू एखाद्या संघाचे नाव घेतो ती केवळ इच्छा असते.

यानंतरची पायरी पैशांची आहे, आणि येथे आपल्याकडील माणसाला अमेरिकन वाचकापेक्षा लवकर समजेल असे मला वाटते. ज्यांनी कृष्णाकाठी ऊसतोडणीचा हंगाम जवळून पाहिला आहे, त्यांना मुकादमाची उचल ठाऊक आहे: हंगामापूर्वी टोळीला रक्कम दिली जाते आणि ती पुढे कामातून फेडून घेतली जाते. करारावर सही करताना क्वार्टरबॅकला मिळणारा बोनस हा बराचसा असाच असतो. पैसे खेळाडूच्या खिशात लगेच जातात. संघाच्या वेतनमर्यादेच्या, म्हणजे खेळाडूंवर वर्षाला खर्च करता येणाऱ्या कमाल रकमेच्या, वहीत मात्र ते जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटून लिहिले जातात. समजा, पाच वर्षांच्या करारावर ५ कोटी डॉलरची उचल दिली, तर वहीत दरवर्षी १ कोटी पडतात. दोन वर्षांनी त्या खेळाडूचा ट्रेड केला, तर उरलेले ३ कोटी नव्या संघाकडे जात नाहीत. ते जुन्याच संघाच्या त्या वर्षाच्या मर्यादेवर एकदम येऊन आदळतात, म्हणजे जो खेळाडू आता दुसऱ्याकडे खेळतो आहे त्याच्यासाठी जुन्या संघाची जागा अडून राहते. मार्केट यार्डातील एका परिचित अडत्याला हा हिशेब मी समजावून सांगितला, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे म्हैस विकली तरी पेंडीची उधारी आपल्याच वहीत, असं म्हणा की.” २०२३ मध्ये रॉजर्सला सोडताना पॅकर्सच्या वहीत अशी सुमारे ४ कोटी डॉलरची उधारी राहिली, त्या वर्षी प्रत्येक संघाची वेतनमर्यादा २२ कोटी ४८ लाख डॉलर होती.

संघ ‘आम्ही त्याला सोडणार नाही’ असे ठणकावून सांगतो, तेव्हा त्यामागे निष्ठा, तत्त्व वगैरे असेलही; पण आधी ही उधारी किती आहे ते पाहावे. ती फार मोठी असेल तर त्या वर्षी ट्रेड होणे कठीण आहे, असे बेलाशक लिहावे. यातही एक पळवाट आहे. १ जूननंतर ट्रेड केला तर चालू वर्षाचा हिस्सा या वर्षी आणि उरलेला पुढच्या वर्षी, अशी विभागणी होते. क्वार्टरबॅक नसलेल्या हुलिओ जोन्सला अटलांटा फाल्कन्सने २०२१ मध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात सोडले, त्यामागे हाच हिशेब होता.

तारखांचे कोष्टक टेबलाजवळ चिकटवून ठेवलेले बरे. लीगचे नवे वर्ष मार्चच्या मध्यास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दुपारी ४ वाजता, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू होते. त्यापूर्वी ठरलेला ट्रेड हा केवळ शब्द असतो. मॅथ्यू स्टॅफर्डला डेट्रॉईट लायन्सकडून लॉस एंजेलिस रॅम्सकडे पाठवण्याचे जानेवारी २०२१ च्या अखेरीस ठरले, पण कागदावर ते मार्चच्या मध्यास आले. एप्रिलअखेर नवोदितांची निवड होते (संघ पाळीपाळीने, फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात), जुलैअखेर सराव शिबिरे सुरू होतात आणि हंगामाच्या मध्यावर ट्रेडची खिडकी बंद होते. दोन्ही बाजूंची भाषा अचानक कडक झाली की यांपैकी कोणती तारीख जवळ आली आहे ते पाहावे. रॉजर्सची ती बातमी नवोदितांच्या निवडीच्याच दिवशी फुटली होती, हे त्या सकाळी माझ्या ध्यानात यायला हवे होते.

आता खेळाडूच्या हाती काय असते ते पाहू. करारात बांधलेला माणूस फक्त एकच गोष्ट रोखून धरू शकतो, ती म्हणजे स्वतःचे खेळणे. आणि ते किती काळ रोखता येईल हे त्याच्या गाठीच्या पैशांवर अवलंबून असते. लीग आणि खेळाडू यांच्यातील २०२० च्या सामूहिक करारानुसार अनुभवी खेळाडूने शिबिराला दांडी मारली तर दिवसाला ५० हजार डॉलर दंड होतो आणि तो माफ करण्याची मुभाही संघाला नाही. त्यामुळे अलीकडे नाराज खेळाडू शिबिरात हजेरी लावतात, बैठकांना बसतात, परंतु सरावात उतरत नाहीत. सरकारी कचेऱ्यांतील लेखणीबंद आंदोलनाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे. ‘खेळाडू शिबिरात दाखल’ एवढ्यावरून ‘वाद मिटला’ असे शीर्षक देऊ नये.

खेळणे खरोखर रोखून धरल्याचे सर्वात अभ्यासण्याजोगे उदाहरण मला कार्सन पामरचे वाटते. २००३ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर सिनसिनाटी बेंगल्सकडे आलेल्या या क्वार्टरबॅकने २०१० चा हंगाम ४ विजय आणि १२ पराभवांनी संपल्यावर जानेवारी २०११ मध्ये ट्रेड मागितला. त्याचा करार २०१४ पर्यंतचा होता. मालक माइक ब्राऊन यांनी साफ नकार दिला. करार करताना शब्द दिला आहे आणि तो मोडणाऱ्याला बक्षीस दिले जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पामरने आपण निवृत्त होऊ असे कळवले आणि तो खरोखरच शिबिराला गेला नाही. येथे एक बारकावा लक्षात ठेवला पाहिजे: निवृत्ती जाहीर केल्याने खेळाडू मोकळा होत नाही. करार संघाकडेच गोठून राहतो आणि परतायचे झाल्यास त्याला त्याच दारातून आत यावे लागते. म्हणजे पामर वर्षाच्या कोट्यवधी डॉलरच्या पगारावर पाणी सोडत होता, आणि ब्राऊन यांच्या हाती मैदानावर न येणाऱ्या माणसाचा कागद होता.

कोंडी फुटली ती दोघांच्याही बाहेर घडलेल्या गोष्टींमुळे. बेंगल्सने त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत निवडलेला अँडी डाल्टन अपेक्षेपेक्षा चांगला निघाला आणि पामरवाचून त्यांचे अडेनासे झाले. दुसरीकडे १६ ऑक्टोबर २०११ रोजी ओकलंड रेडर्सचा क्वार्टरबॅक जेसन कॅम्पबेल याचे गळपट्टीचे हाड मोडले. त्यांचा प्रशिक्षक ह्यू जॅक्सन पामरला पूर्वीपासून ओळखत होता, आणि ट्रेडची मुदत दोनच दिवसांनी संपत होती. १८ ऑक्टोबरला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, रेडर्सने २०१२ ची पहिल्या फेरीची आणि २०१३ ची दुसऱ्या फेरीची निवड, म्हणजे त्या फेरीत नवोदित निवडण्याचा आपला हक्क, देऊन पामरला घेतले. कित्येक महिने मैदानाबाहेर राहिलेल्या पामरने पहिल्याच सामन्यात तीन वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला आणि रेडर्स २८–० असे हरले. बेंगल्स मात्र त्या हंगामात बाद फेरीत पोहोचले. हटवादी ठरवले गेलेले ब्राऊन व्यवहारात सरस निघाले, हे मला त्या वेळी मुळीच पटले नव्हते; आज कागद पाहिल्यावर पटते.

यावरून तपासण्याचा प्रश्न असा निघतो की, संघाकडे दुसरा क्वार्टरबॅक आहे काय आणि खेळाडूकडे दुसरी वाट आहे काय. जॉन एल्वेकडे ती होती. १९८३ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले, परंतु तो बेसबॉलही उत्तम खेळत असे आणि न्यूयॉर्क यांकीजचा पर्याय त्याच्यापुढे खुला होता. आठवडाभरातच कोल्ट्सने त्याला डेन्व्हरकडे दिले. पॅकर्सने २०२० मध्ये पहिल्याच फेरीत जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक निवडून ठेवला होता, आणि रॉजर्सच्या नाराजीचे मूळ त्या निवडीत शोधणारे पुष्कळ होते. अर्थात वाद दर वेळी खेळाडूच उकरून काढतो असे नाही. २००९ मध्ये डेन्व्हरच्या नव्या प्रशिक्षकाने आपला क्वार्टरबॅक जे कटलर याला देऊन दुसरा क्वार्टरबॅक मॅट कॅसल आणता येतो का याची चाचपणी केली, ती कटलरला कळली, विश्वास उडाला आणि २ एप्रिलला तो शिकागो बेअर्समध्ये गेला.

‘सूत्रांनुसार’ या शब्दापाशी थांबून ही बातमी बाहेर आल्याने फायदा कोणाचा, हे स्वतःला विचारावे. किंमत वाढवायची असेल तर संघ बोलतो, किंमत पाडायची असेल तर खेळाडूचा एजंट बोलतो. खरेदी करू पाहणारा तिसरा संघ उघडपणे बोलू शकत नाही, कारण दुसऱ्याच्या करारातील खेळाडूशी परस्पर बोलणी करणे हा तेथे गुन्हा मानला जातो. टॉम ब्रेडीशी अशी बोलणी केल्याबद्दल मायामी डॉल्फिन्सवर २०२२ मध्ये कारवाई झाली, त्यात त्यांनी पहिल्या आणि तिसऱ्या फेरीची एकेक निवड गमावली. आपल्याकडील वाचकाला हे समजावताना रवींद्र जडेजाचे उदाहरण द्यावे: राजस्थान रॉयल्सकडे असताना दुसऱ्या संघाशी बोलणी केल्याबद्दल त्याला २०१० च्या आयपीएलला मुकावे लागले. तोच जडेजा नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसनच्या बदल्यात रीतसर ट्रेड होऊन राजस्थानकडे परतला.

शेवटी मोबदला. बदल्यात बहुतेक वेळा पुढील वर्षांच्या निवडी मिळतात, आणि हा व्यवहार हरिपूरच्या पेवांतील हळदीसारखा असतो. पेव उघडेपर्यंत माल कसा निघेल हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि घेणाऱ्यालाही. त्यामुळे ट्रेडच्या दिवशी ‘कोण जिंकले’ हे लिहिण्याचा मोह टाळावा. डेन्व्हरने विल्सनसाठी पहिल्या फेरीच्या दोन आणि दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी दिल्या, शिवाय खेळाडूही दिले. दोन वर्षांनी त्याला सोडून दिले, तेव्हा त्यांच्या वहीत साडेआठ कोटी डॉलरची उधारी उरली.

निवडीला अट जोडलेली असेल तर ती बातमीत शब्दशः द्यावी. रॉजर्सच्या बदल्यात न्यूयॉर्क जेट्सने पॅकर्सला जे दिले त्यात २०२४ ची दुसऱ्या फेरीची एक निवड होती, आणि रॉजर्स २०२३ मध्ये संघाच्या ६५ टक्के चाली खेळला तर ती पहिल्या फेरीची होणार होती. ११ सप्टेंबर २०२३ च्या पहिल्याच सामन्यात, चौथ्या चालीवर त्याच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. निवड दुसऱ्या फेरीचीच राहिली.