बीडवरून जाणारी उज्जैनची रेषा

अंबाजोगाईत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "मामा, टाइम बरोबर लावा." मी लावतो. पण तो आपल्या गावचा नसतोच, 82.5 अंश रेखांशाचा असतो. म्हणजे मिर्झापूरकडचा.

आपल्या गावचा मध्यान्ह काढायचा तर 25 डिसेंबरला गच्चीवर चढा. त्या दिवशी सूर्य आणि घड्याळ जवळजवळ जुळलेले असतात, उरतो तो फक्त रेखांशाचा फरक. फेब्रुवारीत मात्र चौदा मिनिटांची तफावत पडते. गच्चीला पाण्यासाठी उतार असतो, म्हणून लेव्हलची नळी लावून सपाट जागा शोधा. फळीच्या पातळ तुकड्यात हातभर सळई ठोका आणि दोन बाजूंनी ओळंबा धरून बघा. पहिल्या वर्षी मी नुसत्या नजरेनं उभी केली, तर मध्यान्ह दहा मिनिटं चुकला! सळईपासून दीड हात दोरी धरून खडूनं वर्तुळ काढा. सकाळी सावली आखडत आखडत वर्तुळाला टेकते, दुपारी वाढत जाऊन पुन्हा टेकते. दोन्ही वेळा लिहून ठेवा. मला 9.51 आणि 2.58 मिळाल्या, बरोबर मधली वेळ 12 वाजून साडेचोवीस मिनिटं. खडूच्या त्या दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषाही फुकटात मिळते.

आता उज्जैन. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत, म्हणजे उत्तर ध्रुवापर्यंत जाणारी रेषा अवंतीवरून, म्हणजे उज्जैनवरून नेली आहे; ही लंका विषुववृत्तावरची, गणितातली. भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत तिलाच मध्यरेखा म्हटलं. ग्रीनिचवर शिक्कामोर्तब झालं 1884 मध्ये. त्याआधी कित्येक शतकं आपल्याकडचं ग्रहगणित उज्जैनपासून मोजलं जायचं.

उज्जैनचा रेखांश सुमारे 75.77 अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे दहा पळं; एक पळ 24 सेकंदांचं. तिथं त्या दिवशी मध्यान्ह 12.27 ला. माझ्याकडे अडीच मिनिटं आधी, म्हणजे सहा पळं. आजोबांच्या वहीत पहिल्याच पानावर "देशांतर 6 पळे पूर्व" लिहिलंय; देशांतर म्हणजे मध्यरेषेपासूनचा हाच वेळेचा फरक. लहानपणी मला वाटायचं, हे कुठं पळायलेत!

घड्याळं नव्हती तेव्हा हा फरक चंद्रग्रहणावरून काढत. ग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागतं. मध्यरेषेसाठी गणितानं आलेल्या वेळेपेक्षा तुमच्या घटिकापात्रात, म्हणजे पाण्यावरच्या घड्याळात, ते उशिरा लागलेलं दिसलं, तर तुम्ही रेषेच्या पूर्वेला.

1957 च्या राष्ट्रीय पंचांगानं रेखांश 82.5 घेतला, अक्षांश मात्र उज्जैनचाच, 23 अंश 11 कला.

नांदेडकरांना 12.21 च्या आसपास मध्यान्ह मिळेल, लातूरकरांना 12.24 च्या जरा आधी. संभाजीनगर रेषेच्या पश्चिमेला, तिथं 12.29 च्या आतबाहेर. बीड शहर मात्र जवळपास रेषेवरच आहे. बीडवाल्यांनी देशांतराच्या रकान्यात शून्य लिहावं.