शेणखताचा तपासणी अहवाल हिशोबात कसा आणायचा

अहवाल हातात आला की नजर थेट नत्रावर जाते. आधी ओलावा बघा. मग आकडे कोरड्या वजनावर दिलेत की खत आहे त्या स्थितीत, ते शोधा. लिहिलेलं नसेल तर प्रयोगशाळेला फोन करून विचाराच, कारण निम्मा ओलावा असलेल्या खतात या एका गोष्टीमुळे हिशोब दुपटीने चुकतो.

समजा ओलावा ४५ टक्के आणि कोरड्या वजनावर नत्र १.१, स्फुरद ०.३०, पालाश ०.९ टक्के आहे. ओलावा वजा जाता ५५ टक्के उरतात, म्हणून प्रत्येक आकड्याला ०.५५ ने गुणा. टक्क्यांना १० ने गुणलं की एका टनातले किलो मिळतात. नत्र झालं ६ किलो.

स्फुरद-पालाशला आणखी एक पायरी आहे. खताच्या पोत्यावर हे आकडे पी२ओ५ आणि के२ओ असे, म्हणजे ऑक्साइडच्या रूपात छापतात, अहवालात मात्र पुष्कळदा नुसतं पी (स्फुरद) आणि के (पालाश) असतं. तसं असेल तर स्फुरदाला २.२९ ने, पालाशला १.२ ने गुणा. वरच्या उदाहरणात टनामागे स्फुरद ३.८ आणि पालाश ५.९ किलो येतं.

आता एकरी ५ टन टाकलं तर नत्र ३० किलो. पण पहिल्या पिकाला त्यातलं साधारण ३० टक्केच मिळतं, म्हणजे ९ किलो, जेमतेम २० किलो युरियाइतकं. पूर्ण ३० किलो धरून युरिया कापला की पीक पिवळं पडतं. स्फुरद साधारण ६० टक्के लागू होतं. ते ११ किलो, म्हणजे सिंगल सुपर फॉस्फेटची जवळपास दीड गोणी! खरी बचत इथे आहे. ट्रॉलीचं वजन मात्र अंदाजाने धरू नका, एकदा काट्यावर करून घ्या.

कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत असेल तर खत कुजलेलं आहे. ३० च्या वर असेल तर जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात; असं खत पाणी मारून, उलथून आणखी कुजू द्या. ईसी, म्हणजे खतातल्या क्षारांचं माप, ४ च्या वर गेली तर रोपांच्या मुळाशी टाकू नका.

सेंद्रिय कर्ब फारच कमी दिसलं तर बहुधा उकिरड्याच्या तळाची माती नमुन्यात आली आहे. ओलावा नुसता १०-१२ टक्के असेल तर वरचा उन्हाने वाळलेला थरच उचलला गेलाय. दोन्ही वेळा नमुना पुन्हा घ्या: ढिगात हातभर आतून, १०-१२ ठिकाणचं खत घमेल्यात मिसळून किलोभर प्लास्टिकच्या पिशवीत भरा, हवा काढून घट्ट बांधा आणि त्याच दिवशी पोचवा. पिशवी उन्हात राहिली की अमोनिया उडतो आणि नत्र कमी दिसतं.