ओपन वर्ल्ड आरपीजी घेताना स्टोरी बघायची की गेमप्ले?

सेल लागला की प्रश्न ठरलेला, अमुक गेमची स्टोरी भारी आहे का गेमप्ले भारी आहे. खरं सांगायचं तर या टाईपच्या गेममध्ये (मोठ्या जगात मोकळं फिरत आपलं पात्र घडवत न्यायचं असे गेम) दोन्हीला वेगवेगळे मार्क देऊन काही हाती लागत नाही, कारण कटसीन, म्हणजे नुसते बघायचे सिनेमासारखे सीन, मोजकेच असतात, बाकी सगळा वेळ तुम्ही घोड्यावरून भटकताय, मारामारी करताय नाहीतर बॅग भरली म्हणून काय विकू काय ठेवू करत बसलाय. त्यामुळे बघायचं एवढंच की कटसीन संपून कंट्रोलर परत हातात आला की गोष्ट चालू राहते का तिथेच थांबते.

हे तपासायला मेन क्वेस्ट (मुख्य कथेची कामगिरी) नको, छोटी कामं बघा. विचर ३ (२०१५) मधला वेलेन भागातला बॅरन (सरदार) घ्या (थोडा स्पॉयलर आहे, खेळायचा असेल तर पुढचा पॅरा सोडा).

या बॅरनचं दिवस भरण्याआधीच गेलेलं, नीट न पुरलेलं बाळ राक्षस होऊन परत येतं, त्याला मारायचं का बॅरनने उचलून उंबरठ्याशी नेऊन पुरायचं हे तुम्ही ठरवता. नेलंत तर वाटेत ते बाळ चवताळतं आणि जो अ‍ॅक्सी साईन (मनावर ताबा मिळवणारी छोटी जादू) इतर वेळी शत्रूला गप्प करायला वापरता तोच त्याला शांत करायला वापरावा लागतो, वर भुतं अंगावर येतात ती वेगळीच. बटण तेच पण काम केवढं बदललं बघा! बाकी या गेमची तलवारबाजी मला ठीकठाकच वाटते, पण अशा जागांमुळे ती खपून जाते.

किंगडम कम डिलिव्हरन्स (२०१८) तर याच्याही पुढे जातो. १४०३ चं बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकातलं), हिरो लोहाराचा पोरगा, त्याला वाचताच येत नाही, मग पुस्तक उघडलं की अक्षरं उलटीसुलटी दिसतात, उझित्स गावाला जाऊन लेखनिकाकडे शिकलात की हळूहळू मजकूर लागायला लागतो. हा गेमप्ले म्हणायचा का स्टोरी, तुम्हीच सांगा.

उलट केस स्कायरिमची (२०११). जादूच्या कॉलेजचा मुख्य होता येतं आणि जादू मात्र नावापुरती केलेली असते, जगबुडी आणणारा ड्रॅगन तिकडे वाट बघतोय आणि आपण लपून बाण मारत गुहा साफ करतोय. तरी लोक अजून खेळतात कारण दिसेल त्या दिशेला चालत सुटायची मजा त्यात आहेच, फक्त स्टोरीसाठी म्हणून घेऊ नका एवढंच.

आता घेण्याआधी काय करायचं. ट्रेलर सोडा, यूट्यूबवर बिनकॉमेंट्रीचा गेमप्ले लावा आणि थेट मधल्या एखाद्या भागावर जा. खेळणारा समोरचं जग बघतोय का कोपऱ्यातल्या मिनीमॅपवरच्या ठिपक्यांमागे पळतोय ते बघा. आणि काम देणारा माणूस कुठे जायचं ते तोंडाने सांगतो का? मॉरोविंडमध्ये (२००२) जायची जागा दाखवणारा मार्कर नव्हता, अमक्या पुलावरून डावीकडे वळ असं सांगायचे, त्यामुळे डायलॉग नीट वाचावाच लागायचा. स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर रिफंड मिळतो, पण या गेम्सचे पहिले २ तास बऱ्याचदा ओळखपाळखीतच जातात, त्यावर फार विसंबू नका.

आणि स्वतःचा वेळ बघा राव, हे कोणी बोलतच नाही. फक्त वीकेंडला खेळत असाल तर एल्डन रिंगमध्ये (२०२२) क्वेस्टची नोंदच नसते, कोण काय म्हणालं होतं ते पुढच्या शनिवारपर्यंत डोक्यातून गेलेलं असतं, शेजारी वही ठेवा नाहीतर सरळ तो गेम सुट्टीसाठी ठेवा. त्यात सुरुवातीच्या भागातून मोकळ्या जगात बाहेर पडल्या पडल्या सोनेरी चिलखतातला घोडेस्वार येऊन चेचतो, त्याला आत्ताच हरवायचं नसतं, बाजूने निघून जायचं असतं, पण हे कोणी समजावत नाही.

स्टोरीच हवी असेल तर डिफिकल्टी बिनधास्त कमी करा. विचर ३ मध्ये सगळ्यात सोप्या लेव्हलचं नावच ‘जस्ट द स्टोरी’ आहे. एल्डन रिंगला मात्र ती सोय नाहीये, तिथे अडलात तर दुसरीकडे फिरून लेव्हल वाढवा, नाहीतर को-ऑपला, म्हणजे ऑनलाइन सोबत लढायला, कुणाला तरी बोलवा.