गर्दीच्या शस्त्रक्रियागृहात कॅमेऱ्यावर चालणारे नेव्हिगेशन भरवशाचे कसे ठेवावे

हत्याराचे टोक मेंदूत किंवा मणक्यात नेमके कोठे आहे, हे स्कॅनवर दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रणा बहुधा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या दोन कॅमेऱ्यांवर चालते. हत्यारावर आणि रुग्णाच्या हाडाला जखडलेल्या रेफरन्स फ्रेमवर (जिच्या तुलनेत सर्व मोजमाप होते, त्या चौकटीवर) परावर्तक गोलक बसवलेले असतात. कॅमेऱ्याशेजारच्या दिव्यांचा प्रकाश ते परत पाठवतात आणि दोन्ही कॅमेऱ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांतील फरकावरून प्रत्येक गोलकाचे स्थान मोजले जाते. या यंत्रणेत बिघाड दोन तऱ्हांनी होतो. कोणी आडवे आले की हत्याराचे चित्र पडद्यावरून नाहीसे होते; यात वेळ जातो, चिडचिड होते, पण फसवणूक होत नाही. दुसऱ्या तऱ्हेत चित्र दिसत राहते, मात्र ते चुकीच्या जागी असते. पुढील सर्व काळजी पहिला बिघाड कमी व्हावा आणि दुसरा वेळीच उघडा पडावा, यासाठी आहे.

कॅमेऱ्याची जागा रुग्णाला ड्रेप, म्हणजे निर्जंतुक आच्छादन, घालण्यापूर्वीच ठरवावी. सर्जन, साहाय्यक आणि हत्यारे हाती देणारी स्क्रब नर्स कोठे उभे राहतील, सूक्ष्मदर्शकाचा किंवा सी-आर्मचा (फिरत्या क्ष-किरण यंत्राचा) हात कोणत्या बाजूने आत येईल आणि भूलतज्ज्ञाची जागा कोठे असेल, हे आधी प्रत्यक्ष उभे राहून पाहावे, आणि मग जी दिशा शस्त्रक्रियेच्या मुख्य टप्प्यात मोकळी राहील, त्या दिशेला कॅमेरा लावावा. तो डोक्यांच्या वरून तिरपा खाली पाहील इतका उंच असला, तर खांदे आणि कोपरे कमी आड येतात. मात्र फार उंचावरून एकाच फ्रेमचे गोलक एकमेकांमागे लपू शकतात, म्हणून फ्रेमची तोंडे कॅमेऱ्याकडे वळलेली आहेत ना, हेही त्याच वेळी तपासावे. प्रत्येक कॅमेऱ्याचे मोजमापाचे क्षेत्र मर्यादित असते. पडद्यावर ते क्षेत्र दाखवले जाते. शस्त्रक्रियेची जागा त्याच्या मध्याजवळ आणावी, कडेला ठेवू नये. यंत्र चालू करून कॅमेरा गरम होण्यासाठी उत्पादकाने सांगितलेला वेळ द्यावा, कारण तापमान बदलत असताना मोजमाप किंचित सरकते.

गोलकांकडे सहसा पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि मला वाटते तेथेच सर्वाधिक चुका होतात. गोलक पूर्ण झाकला गेला तर यंत्रणा त्याला सोडून देते. पण त्यावर रक्ताचा थेंब पडला, ड्रेपची प्लास्टिकची कड अर्ध्यावर आली किंवा ओल्या हातमोज्याचा डाग राहिला, तर कॅमेऱ्याला गोलकाचा उरलेला भागच दिसतो, तो त्याचेच केंद्र खरे मानतो आणि मोजलेले स्थान बाजूला सरकते. हे सरकणे गोलकापाशी अल्प असले, तरी टोकापाशी ते वाढते: हत्याराच्या दिशेत केवळ 1 अंशाची चूक झाली आणि टोक गोलकांपासून 200 मिलिमीटर दूर असले, तर टोक सुमारे 3.5 मिलिमीटर चुकीचे दाखवले जाते. म्हणून गोलक खुंटीवर पूर्ण दाबून बसवावेत, बसवताना परावर्तक पृष्ठभागाला शक्यतो बोटे लावू नयेत, आणि रक्त उडाल्यास ओल्या निर्जंतुक कापडाने हलके टिपून मग कोरडे करावे. घासल्याने परावर्तक थर खराब होतो. असा गोलक बदलणेच सोयीचे. एकदाच वापरण्याचे गोलक पुन्हा निर्जंतुक करून वापरू नयेत.

रेफरन्स फ्रेमबाबत एक गैरसमज वारंवार आढळतो. कॅमेरा हलला तर सहसा नुकसान होत नाही, कारण सर्व मोजमाप फ्रेमच्या तुलनेत होते. तो स्थिर झाला की काम पुढे चालते. फ्रेमच रुग्णाच्या हाडापासून हलली, तर मात्र यंत्रणेला त्याचा पत्ताही लागत नाही आणि ती पूर्वीच्याच आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवत राहते. गर्दीत हे घडते ते कोणी त्या फ्रेमवर हात टेकवल्याने, एखादी नळी तिच्यात अडकल्याने किंवा ड्रेप ओढला गेल्याने. तिच्याजवळून नळ्या व तारा नेऊ नयेत आणि धक्का लागल्यास लाज न बाळगता तत्काळ सांगावे, ही सूचना प्रारंभीच सर्वांना द्यावी. मणक्याच्या शस्त्रक्रियेत फ्रेम लावलेल्या मणक्यापासून जितके दूर जावे तितका भरवसा कमी होतो, कारण मणके एकमेकांच्या तुलनेत हलतात.

शस्त्रक्रियेचे दिवे आणि चकचकीत धातू हेही अवरक्त प्रकाशाचे खोटे ठिपके निर्माण करू शकतात. पडद्यावर ठिपके लुकलुकू लागले, तर दिव्याची दिशा बदलून पाहावी. उलट कॅमेऱ्याच्या अवरक्त प्रकाशाने बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचे मापन बिघडू शकते, म्हणून तो झाकावा.

रजिस्ट्रेशननंतर, म्हणजे रुग्णाचे शरीर आणि स्कॅन यांची जुळणी केल्यानंतर, पडद्यावर येणारा त्रुटीचा आकडा लहान आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. तो आकडा रुग्णावर नोंदवलेले बिंदू स्कॅनवरील बिंदूंशी किती जुळले एवढेच सांगतो. लक्ष्यस्थानाची अचूकता त्यावरून कळत नाही. खरी परीक्षा पॉइंटर (गोलक बसवलेली टोकदार सळई) रुग्णाच्या ओळखीच्या खुणेवर टेकवून होते: कवटीच्या शस्त्रक्रियेत नाकाचे मूळ किंवा डोळ्याचा बाहेरील कोपरा, मणक्यात उघडलेल्या हाडाची स्पष्ट कड. ड्रेप घातल्यानंतर त्वचेच्या खुणा झाकल्या जातात, म्हणून छेदाच्या आत हाडावर दोन-तीन लहान खूणखड्डे करून ठेवावेत आणि प्रत्येक महत्त्वाच्या पावलाआधी, तसेच फ्रेमला धक्का लागल्याचा संशय येताच, त्यांवर पॉइंटर टेकवून पाहावे. खूण पडद्यावर सर्जनने आधी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सरकलेली दिसली, तर प्रथम गोलक आणि फ्रेमचे स्क्रू तपासावेत. कारण सापडले नाही, किंवा फ्रेम हलल्याचे आढळले, तर पुन्हा रजिस्ट्रेशन करावे, आणि तेही शक्य नसेल तर पडदा बंद करून शरीररचनेच्या ज्ञानावर व क्ष-किरणांवर पुढील काम करावे.