वजन आणि साखरेसाठी पोटातल्या जिवाणूंना कसं पोसावं

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू दिले. दोन आठवड्यांत त्यांची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि खाणं तर उलट कमी झालं होतं. हे २००४ मधलं संशोधन. माणसाचं गणित मात्र इतकं सरळ नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये लठ्ठ पुरुषांना सडपातळ लोकांचे जिवाणू देऊन पाहिले. सहा आठवड्यांनी इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला, वजन मात्र उतरलं नाही. म्हणून पोट सुधारायला घ्या ते साखर-चरबीचा कारभार सुधारण्यासाठी, महिन्यात पाच किलो उतरवण्यासाठी नव्हे.

आधी कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा आणि श्वास सोडून आकडा बघा. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक. वजनकाट्यावर विसंबू नका. दिसायला बारीक असलेल्या भारतीय शरीरातही चरबी बरीच असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे.

मग ताटातला चोथा, म्हणजे धान्य-भाज्यांतले तंतू, वाढवा. खरं काम इथेच आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, बाजरीत ११. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात तीनही भरत नाहीत. हे तंतू आपल्याला पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात, शिवाय ही आम्लं भूक आणि साखर आवरणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकाला चालना देतात. वजन उतरवायची सध्याची इंजेक्शनं याच संप्रेरकाची नक्कल करतात. त्यांचा जोर अर्थातच कितीतरी जास्त.

घाई मात्र करू नका. एकदम वाढवलं की पोट फुगतं, गॅस होतो, आणि चार दिवसांत माणूस कंटाळून सोडून देतो. पहिल्या आठवड्यात एका वेळच्या पोळीच्या जागी भाकरी घ्या. पुढच्या आठवड्यात एक वाटी उसळ. मटकी रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी ओतून द्या, फडक्यात बांधून बोटाच्या पेराएवढे मोड येऊ द्या आणि मग शिजवा. पोटाला बरीच हलकी जाते. नंतर पालेभाजी, सालासकट फळं, मूठभर शेंगदाणे. पाणी पुरेसं प्या, नाहीतर चोथ्यानेच बद्धकोष्ठ होईल.

आंबवलेल्या पदार्थांकडे त्यानंतर वळा. स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दहा आठवडे असे पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या दाहाच्या (शरीरातल्या सुजेच्या) खुणा कमी झाल्या. ही मंडळी दिवसाला सरासरी सहा वेळच्या वाढणीइतके ते खात होती, जेवणाच्या शेवटी चमचाभर दही नव्हे. घरी विरजलेलं दही-ताक उत्तम. मात्र कढी उकळली की त्यातले जिवाणू मरतात. ज्वारीची आंबीलही शिजवून कोमट झाल्यावर वरून ताजं ताक घाला. गोड लस्सी आणि साखर घातलेली फळांची दही टाळा.

सर्दी-पडशावर आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. ते विषाणूवर चालत नाही, आणि पोटातले उपयोगी जिवाणू मात्र मारतं. शौचाचा नमुना तपासून ‘तुमचा आहार’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. निरोगी आतड्यात नेमके कोणते जिवाणू किती असावेत, याचं प्रमाण अजून ठरलेलं नाही. ते पैसे डाळी-कडधान्यांवर खर्च करा.

किडनीचा आजार किंवा आतड्याची जुनी तक्रार असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर भात-पोळी कमी केल्यावर साखर खाली जाऊ शकते. पहिले काही दिवस ती घरी तपासत राहा, आणि औषधाचा डोस डॉक्टरांनाच बदलू द्या.