रशियन क्रांती वाचताना तारखांचा घोळ कसा टाळायचा

पहिलं काम, तारखेत १३ दिवस मिळवा. १९१७ मध्ये रशियात जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, म्हणून 'फेब्रुवारी क्रांती' आपल्या हिशोबाने मार्चमध्ये येते आणि 'ऑक्टोबर क्रांती' नोव्हेंबरमध्ये, इथेच निम्मे लोक गंडतात.

मग एक गोष्ट पक्की करा, झारला, म्हणजे रशियाच्या सम्राटाला, लेनिनने नाही काढलं! (पुढच्या तारखा १३ मिळवूनच दिल्यात.) ८ मार्च १९१७ ला, महिला दिनी, तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका पावासाठी रस्त्यावर आल्या, मग बाकीचे कामगार आले, आणि गोळ्या झाडायला पाठवलेले सैनिकच शेवटी फुटून त्यांच्यात सामील झाले, तिथे खरा खेळ संपला. १५ मार्चला झार निकोलस दुसऱ्याने प्स्कोव्ह शहरात रेल्वेच्या डब्यात बसून गादी सोडली, भावाने पण नको म्हटलं, ३०४ वर्षांचं रोमानोव्ह घराणं खलास. लेनिन तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये होता बरं का.

आता मधले आठ महिने स्किप करू नका, झारनंतर आलेल्या हंगामी सरकारने पहिल्या महायुद्धातली लढाई थांबवली नाही, जमिनीचा प्रश्न लटकवला, म्हणून तर ७ नोव्हेंबरला बोल्शेविकांना, म्हणजे लेनिनच्या पक्षाला, सत्ता घेता आली.

१४ फेब्रुवारी १९१८ पासून मात्र १३ मिळवायचे नाहीत, कॅलेंडर बदललं ना.